बंड्याच्या समितीत जाऊ की नको

प्रिय शैलू,

फोन केला असता तं तू मधेच हसली असतीस आणि विषय भरकटला असता, म्हणून बसून टाइप करून राहिली. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर गोळीवर, बाकी सगळे बरे. झालं.

आता मुद्द्याचं. आपल्या मैदानावर खिळे निघाले. क्रिकेटच्या फायनलच्या रात्री तिथं मॅच दाखवायला मोठा पडदा लावला होता, कोण्या इव्हेंटवाल्यानं मैदान भाड्यानं घेतलेलं, डीजे, खाण्याचे स्टॉल, सेल्फी पॉइंट, आणि गाड्या आत घेता याव्या म्हणून खो-खोच्या पट्टीवर चक्क गिट्टी टाकलेली. परवानगी कोणी दिली ते इथं लिहीत नाही, तुला अंदाज आहेच. दुसऱ्या दिवशी पडदा गेला, मंडप गेला आणि राहिलं काय तं बांबूचे खड्डे, काचा, हाडं आणि कार्पेट ठोकायचे ते लांब खिळे. पोट्ट्यांना रांगेत उभं करून आम्ही सगळं वेचलं, झाडलं, पाणी मारलं. ती सातवीतली बारकी आठवते? दिवाळीत आली होतीस तेव्हा म्हणाली होतीस की हिला पाहून मला माझीच आठवण येते (तेव्हाच मी ओळखलं की तुला स्वतःबद्दल भल्ते गैरसमज आहेत). तिनं खांबाजवळ सूर मारला आणि खिळा तळहातात. टाके पडले, टिटॅनसचं इंजेक्शन झालं, हात बरा होईल म्हणतात. पण तिचा बाप, ई-रिक्षा चालवतो, सरळ माणूस आहे, ओरडला असता तं मी पण ओरडली असती, तो शांतपणे म्हणाला, मॅडम, पुन्हा खिळा नाही निघणार हे कोणी लिहून देते का? मग पाठवतो.

मी काय लिहून देणार गं. माझ्या हातात एक शिट्टी आणि चुन्याची पिशवी.

भाडं किती घेतलं ते मी विचारत फिरली. आकडा कोणीच सांगेना, पण मैदानासाठी त्यातला एक रुपया ठेवलेला नाही हे मात्र सगळे अगदी खुल्या मनानं सांगत होते.

आणि नेमका अशात बंड्या आला घरी. हो, तोच, तुझ्या दप्तरात चिठ्ठी टाकून पळणारा बंड्या, आता नगरसेवक आहे, पांढरा शर्ट, मागे दोन पोट्टे, एक फाइल धरायला आणि एक मोबाइल. 2022 च्या मार्चमध्ये आपल्या नागपूर मनपाची मुदत संपली तेव्हापासून प्रशासकच होता, थेट यंदा जानेवारीत निवडणूक झाली, त्यामुळे नवीन निवडून आलेल्यांना काय करू आणि काय नको असं झालेलं आहे. त्याचं म्हणणं असं की शहरात मोठ्या मॅचेस होतात, पुढे स्पर्धा येतील, पडदे लागतील, तं वॉर्डाची एक समिती करू, मोठ्या स्पर्धेचा फायदा वस्तीला कसा होईल त्याची नोट तू लिही, तू खेळातली आहेस. वर म्हणतो, उद्घाटनाला तुझ्या मुलींचं लेझीम ठेवू. मी म्हटलं माझ्या मुली खो-खो खेळतात. तं म्हणे तेच ते.

तेच ते!! शैलू, मागच्या वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या बायकांनी फायनलला नेपाळला 78-40 नं हरवलं, कॅप्टन प्रियंका इंगळे, पुरुषांचा कॅप्टन प्रतीक वाईकर, दोन्ही कप आपल्याकडे आले, आणि या पोट्ट्यांनी ते सगळं शाळेच्या व्हरांड्यात एका फुटक्या मोबाइलवर पाहिलं. त्याच्यासाठी पडदा लावायला नाही आलं कोणी.

तू म्हणशील सरळ नाही म्हण त्याला. तू असंच म्हणणार, तुला प्रश्नापासून लांब पळायची सवय आहे, आंतरशालेय फायनलला दिशा तू बदललीस आणि फाऊलसाठी बोलणी मी खाल्ली. (हो, अजून आठवते. मरेपर्यंत आठवेल.) पण मला नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायची भीती वाटते, आणि यात माझी झोप गेली आहे.

मग रात्री वाचत बसली. बाहेरच्या गावांनी काय केलं ते. मँचेस्टरला 2002 ला कॉमनवेल्थ गेम्स झाले ना, तं तिथल्या कौन्सिलनं, म्हणजे त्यांची मनपाच समज, स्टेडियम बांधायच्या आधीच फुटबॉल क्लबशी ठरवून टाकलं होतं की खेळ संपले की ट्रॅक उखडायचा, खाली खोदून खुर्च्या वाढवायच्या आणि क्लबनं तिथं राहायला यायचं. 2003 ला क्लब आला. स्टेडियमची मालकी आजही कौन्सिलची, क्लब भाडं भरतो, आणि बाजूला छोटं अ‍ॅथलेटिक्सचं मैदान वेगळं ठेवलं. आधी ठरलं होतं म्हणून झालं हे. लंडनचं 2012 चं बघ, पोहण्याच्या तलावाला ऑलिम्पिकपुरत्या साडेसतरा हजार खुर्च्या, नंतर दोन्ही बाजूचे तात्पुरते स्टँड काढून अडीच हजारांवर आणला आणि 2014 पासून तिथं वस्तीतली पोरं पोहतात, तिकीट आजूबाजूच्या साध्या तलावांएवढंच. हे पण नकाशातच होतं, नंतर कोणाला सुचलेलं नाही. पण त्याच लंडनमध्ये स्टेडियमचं मात्र नंतर बघू नंतर बघू चाललं, आणि न्यूहॅम नावाच्या तिथल्याच कौन्सिलनं, तो गरीब भाग आहे, त्यात चार कोटी पौंड घातले आणि 2017 ला ते बुडीत धरून बाहेर पडले. वस्तीच्या पैशातून गेले ते.

मला एक गोष्ट मात्र तिथली फार आवडली. ज्यांच्या दारात ऑलिम्पिक होतं त्या पूर्व लंडनच्या कौन्सिलांनी मिळून स्टेडियमबद्दल नाही तं माणसांबद्दल कबुली मागितली, की 20 वर्षांत आमच्या भागातल्या लोकांना नोकरी, शिक्षण, तब्येत यात बाकीच्या लंडनकरांएवढीच संधी मिळाली पाहिजे. पूर्ण झाली की नाही यावर भांडणं आहेत, असू दे, पण मोजायचं काय ते तरी आधी ठरवलं. आपल्याकडे मोजतात काय, तं किती चौकात एलईडी लावले.

आणि हसू नको, पण तिथं 2012 ला मॅकडोनाल्डनं असा करार केला होता की ऑलिम्पिकच्या जागी तळलेले चिप्स दुसऱ्या कोणी विकायचेच नाहीत, फक्त माशाबरोबर दिले तं चालतील. गंमत म्हणून बंड्याला सांगितलं, तं त्याचे डोळे चमकले, म्हणे आपण पण असा एक स्पॉन्सर आणू. मी म्हटलं तर्री पोह्यांना हात लावलास तं तुझा पुतळा जाळतील. कोपऱ्यावरचा पोहेवाला त्या फायनलच्या रात्री हटवला होता, माहीत आहे? त्याच्या जागी दुप्पट भावाचे मोमोज. आणि ठेलेवाल्यांचा तं 2014 चा कायदा आहे, मनमानीनं उठवता येत नाही, पण मॅचच्या दिवशी कायदा पण मॅच पाहायला जातो बहुतेक.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तं दिल्ली आहेच. 2010 च्या कॉमनवेल्थसाठी अनुसूचित जातींच्या योजनेचा पैसा तिकडे वळवला, सरकारनं संसदेत कबूल केलं. हे वाचून मी मोबाइल बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. दीक्षाभूमीच्या गावात राहून हे वाचायचं म्हणजे. आता 2030 चे गेम्स अहमदाबादला आहेत, बघू काय करतात.

बरं नागपूरचं सांगायचं तं आणखीच गंमत. मॅच नागपूरची म्हणतात पण जामठ्याचं स्टेडियम मनपाच्या हद्दीतच नाही, ते ग्रामपंचायतीकडे. म्हणजे शहरानं बस, रस्ते, पाहुण्यांसाठी रंगवलेले दुभाजक एवढं पुरवायचं. (23 सप्टेंबर 2022 आठवते? पुण्याहून सुट्टी टाकून आलीस, खापरीपर्यंत मेट्रो, पुढे ऑटोवाल्यानं लुटलं, आणि मैदान ओलं म्हणून अख्खी मॅच आठ-आठ ओव्हरची. रोहितनं नाबाद 46 केले म्हणून तू मला माफ केलंस, नाही तं आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती.) आता आयपीएलच्या तिकिटावर 40 टक्के जीएसटी आहे, 2025 च्या सप्टेंबरपासून, त्यातलं वस्तीच्या मैदानावर काय येतं ते आपल्याला दिसतेच. पण घटनेत एक फट ठेवलेली आहे, करमणूक कर जीएसटीत गेला तरी पंचायतीनं किंवा पालिकेनं स्वतः लावून स्वतः गोळा करायचा तेवढा शिल्लक आहे. आणि मैदानं, बागा ही तं बाराव्या अनुसूचीतच पालिकेच्या कामांत लिहिलेली आहेत, 74 व्या घटनादुरुस्तीपासून. मी बंड्याला हे सांगितलं तं तो म्हणतो, तुला एवढं येते तं तूच उभी राहायला पाहिजे होती. मी म्हटलं तुझं डिपॉझिट गेलं असतं.

डिपॉझिटवरूनच मला सुचलं पुढचं. त्या बापाचं म्हणणंच बरोबर आहे गं. लिहून द्या. सगळी ताकद परवानगीच्या कागदावर सही व्हायच्या आधी असते, एकदा सही झाली, पडदा लागला की आपल्याला कोण विचारते. म्हणून नोट मी लिहिली आहे, एकच पान, त्यात लेगसी, म्हणजे स्पर्धेनंतर मागे काय उरते ते, असले शब्द नाही (बंड्याला तो फार पाहिजे होता). मैदान द्यायचं तं आधी दणकून डिपॉझिट घ्या, आणि ते परत करायची सही ऑफिसातल्या साहेबाची नाही, मैदानावर रोज खेळणाऱ्यांची, म्हणजे त्यात त्या बारकीच्या बापासारखा एक पालक पाहिजेच. भाड्यातला ठरलेला वाटा मैदानाच्याच खात्यात, त्यातून पहिलं काम मुलींचं संडास आणि दोन दिवे, कारण हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडते आणि पोट्ट्या घरी जातात, पोट्टे खेळत राहतात. संध्याकाळच्या प्रॅक्टिसच्या वेळेत बुकिंगच नाही, मग कोणाचाही वाढदिवस असो. पट्टीवर गिट्टी नाही, खड्डा नाही, गाडी तं नाहीच. खाण्याचे अर्धे ठेले वस्तीतल्या बचत गटांना आणि जो पोहेवाला तिथं रोज उभा राहतो तो तिथंच उभा राहील. गेटवर, पार्किंगला, सफाईला वस्तीतली पोरं घ्यायची तं रोजंदारी देऊन, टी-शर्ट आणि वडापाव देऊन नाही. आणि खऱ्या मॅचची तिकिटं मिळालीच तं ती मनपा शाळेच्या पोरांना, बंड्याच्या साडभावाला नाही.

आता खरी चिंता ऐक. समजा मी समितीत गेली. नोट वाचली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, आणि पुढच्या वेळी खिळे तसेच पडले तं? मग लोक म्हणतील मॅडम तं समितीत होत्या. आता निदान मला ओरडता येते. आत गेल्यावर ओरडायचं कोणाच्या नावानं? मागे एकदा असंच दुसऱ्या एका समितीवर नाव घातलं होतं माझं, मीटिंगचा चहा मिळाला, मिनिट्स कधी दिसले नाही. आणि नाही गेली तं माझ्या जागी कोण जाईल माहीत आहे? तो मोटू. हो, तोच. तो क्रिकेटची नेट लावायला सांगेल आणि खो-खोची पट्टी कायमची जाईल. बुद्धिबळवाल्यांचं बरं असते, आपल्या दिव्या देशमुखनं वर्ल्ड कप आणला 2025 ला, गावाला कोण आनंद झाला, मला पण झाला, पण पटावर कोणी मंडप नाही ठोकत.

मी ठरवलं आहे की अर्धवट जायचं. म्हणजे बंड्यानं माझी नोट जशीच्या तशी ठरावाला जोडली आणि त्यावर तारखेसहित सही केली तंच सदस्य, नाही तं मी बाहेरूनच. त्याला सांगितलं नाही अजून. तो हसेल की चिडेल याचा अंदाज येत नाही, शाळेत पण यायचा नाही. सोमवारी मीटिंग आहे, त्याच्या आधी तुझं मत पाहिजे, आणि मत म्हणजे थंब नाही, लिहून.

एक काम पण कर. तू बालेवाडीच्या एवढ्या जवळ राहते, ते संकुल 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं, 2008 ला युवा कॉमनवेल्थ पण तिथंच झालं, तं जरा जाऊन बघ की साध्या घरच्या पोरांना आत कधी सोडतात, फी किती, बोर्ड लावला आहे का. असला तं फोटो पाठव. मला सोमवारी कोणी म्हटलं की असं कुठं असते का बाई, तं दाखवायला काहीतरी हातात पाहिजे. वॉचमनशी गोड बोल, पुण्याच्या आवाजात नको.

तुझं प्रमोशन झालं ते वहिनीकडून कळलं, अभिनंदन, पार्टी उधार. गुड्डीचं दहावीचं कसं चाललं, तिला म्हणा मावशीनं संत्रा बर्फी ठेवली आहे, येणाऱ्या कोणाच्या तरी हातून पाठवते. सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना? भावजींना नमस्कार.

आणि हो, बंड्या तुझा नंबर मागत होता. कामासाठी म्हणे. देऊ का?

तुझी,
मंजू