हिशेब तू ठेवशील का?

धुळे
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय कुमे,

सात महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. नातवाच्या बारशाला आले नाही. दिवाळीत तू फोन केलास, तो समोर ठेवून वाजू दिला. या सगळ्याचं कारण पुढे येईलच, पण आधी माफी मागते. रागवायचं असेल तर रागव, फक्त पत्र पूर्ण वाचून मग रागव. तब्येत बरी आहे. साखर आटोक्यात, डावा गुडघा अधूनमधून बोलतो, ह्यांचं पथ्यपाणी चालू आहे. झालं.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मधेच तोडतेस आणि मग मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं.

आज पहाटे स्वप्न पडलं. मी चालत होते. नदी दिसत नव्हती, पण उजव्या हाताला तिचा आवाज होता. पुढे आपली वसतिगृहातली मंगी होती, लाल फितीच्या दोन वेण्या, आपला तो निळा स्कर्ट. मागे न बघता म्हणाली, "चल वं, पुढे पाणी शे." मी पाय उचलणार तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "किती किलोमीटर झाले?" आणि जाग आली. त्या प्रश्नाने दिवसभर मला धड जेवू दिलेलं नाही.

आता पहिल्यापासून सांगते. ऑक्टोबरात शहाद्याला गेले होते, मामांच्या वर्षश्राद्धाला. परतताना पाय आपसूक वसतिगृहाकडे वळले. कुमे, आपली मोठी खोली बंद आहे. कुलूपसुद्धा नाही, कडी सुतळीने बांधून ठेवलीय. सोडून आत गेले. कौलं खचलीत आणि मधल्या तुळईच्या वर सरळ आभाळ दिसतं. खांबाला बोट लावलं तर बोट आत गेलं. वाळवीने आतलं सगळं खाऊन वरचा पापुद्रा तेवढा ठेवलाय. खिडकीशेजारी आपण कंपासच्या टोकाने कोरलेली तीन नावं अजून आहेत. तुझं आणि माझं शेवाळाने हिरवं झालंय. मंगीच्या नावावरून पाण्याचा ओघळ खालपर्यंत गेलाय. मी किती वेळ तिथे उभी होते, मला सांगता येणार नाही.

बासष्ट मुली आहेत. बहुतेक धडगाव, अक्कलकुव्याकडच्या. मोठ्या खोलीतल्या मुली गेला पावसाळाभर जेवणाच्या दालनात झोपल्या, ताटं उचलली की तिथेच सतरंज्या. नव्या बाई भल्या आहेत, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं की असंच राहिलं तर पुढेमागे वसतिगृह बंद करावं लागेल, मुलींना घरी पाठवावं लागेल. घरी म्हणजे कुठे, ते तुला आणि मला सांगायला नको. छपराचा खर्च साडेअकरा लाख.

त्या रात्री ह्यांना म्हटलं, या छपरासाठी मी नर्मदा परिक्रमा करणार. पायी. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "कुमुदला सांगितलंस का?" सगळ्यांना ठाऊक आहे बघ कुणाची परवानगी लागते ते!

आणि तुलाच सांगितलं नाही. कारण तू काय म्हणशील ते मला तोंडपाठ होतं. वणीच्या पायऱ्यांवर म्हणालीस तेच. "नवस तू बोलायचा आणि पिशवी मी वाहायची." बत्तीस वर्षं झाली त्याला. चैत्रातली पदयात्रा, माझ्या पायाला फोड, तुझ्या दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या, आणि गडावर पोचल्यावर तू देवीसमोर हात जोडायच्या आधी माझ्याशी भांडलीस. मग परतीला वेगळ्या एसटीत बसलीस. नर्मदाही अशीच म्हणे, शोणभद्रावर रागावून पाठ फिरवली ती थेट पश्चिमेला निघाली. तू निदान पिंपळनेरला उतरून माझी वाट बघत बसली होतीस, हातात दोन उसाचे रस घेऊन. तेव्हा मी कबूल केलं नाही, आज करते. तुझं बरोबर होतं.

बरं, आता खरी अडचण. आपल्या धाकट्याला कळलं तसा तो हरखला. म्हणाला, आई, परदेशात लोक असं खूप करतात, चांगल्या कामासाठी चालतात आणि ओळखीचे लोक किलोमीटरमागे पैसे देतात. त्याने फोनवरच गणित मांडलं. नदी १,३१२ किलोमीटरची, दोन्ही काठ धरले की २,६२४, आणि वाट कुठे सरळ असते, म्हणून चालणं तीन हजारांच्या वर. किलोमीटरला दहा रुपये धरले तर एका माणसाचे तीस हजार. असे अडतीस-चाळीस लोक मिळाले की छप्पर झालं. देणगीची पावतीही मिळेल, संस्थेकडे ८०जी आहे, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत. फोनमध्ये चाललेलं अंतर मोजणारं काहीतरी टाकून देतो म्हणाला, रोज फोटो टाकायचा. पोरगं मनापासून बोलत होतं, त्याला मी काही म्हणाले नाही. पण फोन ठेवल्यावर छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं, ते आजतागायत.

कुमे, तू आणि मी त्या माणसांना लहानपणापासून बघत आलोय. शूलपाणीच्या झाडीची, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलाची, वाट टाळून प्रकाशाकडे जाणारे, पांढऱ्या कपड्यातले, एका हातात काठी आणि एका हातात कमंडलू. बाई आपल्याला फाटकाशी उभ्या करायच्या आणि आपण "नर्मदे हर" ओरडायचो. एकाने कधी काही मागितलं? सदावर्तात मिळेल तो शिधा घ्यायचा, पीठ मिळालं तर टिक्कड भाजायचे, न मिळालं तर मैयाचं पाणी प्यायचं. जवळ नर्मदेच्या पाण्याची एक कुपी, तेवढीच काय ती संपत्ती. ती नदी ओलांडायची नाही, ती सतत उजव्या हाताला ठेवायची. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस असा जुना नेम, चातुर्मासात एका जागी थांबायचं. मार्कंडेय ऋषींनी तर नर्मदेला मिळणारी एकही उपनदी ओलांडली नाही, प्रत्येकीच्या उगमाला वळसा घालून आले, त्यात सत्तावीस वर्षं गेली असं सांगतात. त्या वाटेवर मी खिशात किलोमीटर मोजणारं यंत्र घेऊन चालायचं? आणि बडवानीला राजघाटावर गुडघा आडवा आला तर? तेवढ्याच किलोमीटरचे पैसे? म्हणजे बासष्ट मुलींचं छप्पर माझ्या एका गुडघ्यावर टांगलेलं. मग मी तो लपवून चालणार, कुणी बघत नसताना एखाद्या ट्रॅक्टरवर बसणार का, असले विचार मनात येतात. मी अशी नाही, तुला माहीत आहे. पण पैशाचा आकडा मागे लागला की माणसाचं काय होतं तेही आपण पाहिलंय, तू तर तीस वर्षं बँकेत बसून पाहिलंयस.

उलटही विचार करून झाला. संकल्प सोडताना लोक काय मागत नाहीत? मुलाचं लग्न, जमिनीचा दावा, नातवंड. मग मी छप्पर मागितलं तर कुठे बिघडलं? नर्मदा तर कुमारिका. परिक्रमा उचलताना कन्यापूजन करतात आणि पुरी झाली की कढई करून कन्यांना जेवू घालतात. शिऱ्याने एक दिवस पोट भरतं, मग डोक्यावर कौलं घालणं हे कन्यापूजनच की. असं स्वतःला समजावते आणि दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी परत तेच.

आणि मंगी. तिचं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं त्या वर्षी आपण दोघी कुठे होतो? तू बाळंतपणात, मी ह्यांच्या बदलीच्या गडबडीत. पेपरात गावाचं नाव वाचून मी पान उलटलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जुनं शूलपाणेश्वराचं देऊळही तिथलंच, तेही पाण्यात गेलं, आता गोऱ्याला नवं बांधलंय. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. नदीकाठची जुनी पायवाट तिथे पाण्याच्या कितीतरी खाली आहे. झाडीतून जाणारे आता वर डोंगरातून, पाड्यापाड्यांवरून जातात. मंगी आपल्याला सांगायची ना, आमच्या अंगणातून परकम्मावाले जातात आणि आजी त्यांना मक्याची भाकर देते. मला त्या अंगणावरून जायचं होतं, कुमे. ते शक्य नाही. वरच्या कड्यावरून खाली पाण्याकडे बघता येईल, तेवढंच.

आता जे घडलं ते सांगते. त्यासाठीच हे पत्र.

चैत्रात उत्तरवाहिनीची छोटी परिक्रमा करून आले. पाय कसे चालतात ते बघावं म्हणून. रामपुऱ्याहून तिलकवाडा, तिथे नदी वळून उत्तरेला वाहते, दोन्ही काठ मिळून जेमतेम वीस-एकवीस किलोमीटर, एका दिवसाचं काम. उन्हाआधी सुटावं म्हणून पहाटे तीनला निघाले. काळोखात नुसता पायांचा आवाज आणि माणसांची रीघ, त्यात निम्मी तरी मराठी बोलत होती. साडेआठच्या सुमाराला एका झोपडीपाशी बसले. केळीच्या बागेच्या बांधावर, कुडाची भिंत, बाहेर माठ. आतून एक म्हातारी आली, माझ्या आईच्या वयाची. ताकाचा पेला दिला. मी पिते तोवर समोर उकिडवी बसून राहिली. गुजरातीत विचारलं, कुठली, एकटीच का, मुलं किती. आपल्या अहिराणीमुळे निम्मं समजलं, निम्मं मीही तसंच जुळवून बोलले. माझ्या मनात आलं, हिला वसतिगृहाचं सांगावं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि सांगता येईना. तिच्या दाराला दार नव्हतं, गोणपाट होतं. तिला मी छपराचं काय सांगू?

उठले तशी तिने पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, दाताने सोडली. दहाची एक नोट, चौपदरी घडी, घामाने मऊ झालेली. माझ्या मुठीत कोंबली. मी नको नको म्हणत मागे झाले, तर खाली वाकून माझ्या पायाला हात लावला आणि "नर्मदे हर" म्हणाली. परिक्रमावासी म्हणजे मैयाचंच माणूस, त्याला दिलेलं त्याने नाकारायचं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. पुढची सगळी वाट ती मूठ मी उघडली नाही.

नंतर गरुडेश्वरला गेले, टेंबे स्वामींच्या समाधीसमोर बसले, तरी मुठीचाच विचार. ही नोट कुणाची? तिने वसतिगृहाला दिली नाही, तिला ते ठाऊकच नाही. मला दिली म्हणावं तर मी कोण? दानपेटीत टाकायला हात धजेना. वसतिगृहाच्या पावतीपुस्तकात लिहिली तर तिच्या हातून न सांगता घेतल्यासारखं होईल. तेव्हापासून ती देवघरात हळदीकुंकवाच्या करंड्याखाली आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, दहा रुपयांसाठी एवढं? ते वाईट अर्थाने म्हणाले नाहीत. पण तू असतीस तर असं विचारलं नसतंस. मेसच्या वर्गणीत चार आणे जास्त आले तेव्हा कुणाचे ते शोधायला तू अख्खी रात्र जागवलीस आणि आम्हालाही झोपू दिलं नाहीस. मंगी तुला "सावकारीण" म्हणायची.

खूप विचार केला आणि आता एकच सुचतंय. चालणं आणि पैसा वेगळा काढायचा. कार्तिकी एकादशीनंतर मी ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प सोडणार आणि चालणार. फोटो नाही, फलक नाही, किलोमीटर नाही. वाटेत कुणाजवळ वसतिगृहाचं नावही काढणार नाही. नदी समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरला, भरतीची वाट बघत होडीसाठी थांबेन, होडीची माझी भीती तुला माहीतच आहे, पण बसेन. आणि पैसा इकडे कुणीतरी मागायचा, माझ्या चालण्याशी न बांधता. मी पोचले काय, न पोचले काय, देणाऱ्याने वसतिगृहासाठी म्हणून द्यायचं. यंदाचा पावसाळा ताडपत्रीवर काढावा लागेल, पण पुढच्या वैशाखात काम सुरू व्हायला हवं. आपल्या बॅचच्या सगळ्या मुली कुठे आहेत ते तुलाच माहीत. मागायला तुला लाज वाटत नाही, आणि तू मागितलं की लोक देतात, कारण पैचा हिशेब मिळतो.

म्हणजे परत तेच झालं, नाही का? नवस माझा आणि पिशवी तुझी. ऑक्टोबरापासून फोन उचलला नाही तो यासाठीच. यावेळी मात्र आधी विचारतेय. वणीला विचारलं नव्हतं. नको म्हणालीस तर मी दुसरं काहीतरी बघेन, आणि वेगळ्या एसटीत बसणार नाही.

तुझ्या सासूबाईंचं कळलं, वहिनींकडून. अंथरुणावरच्या माणसाचं करणं किती असतं ते मी पाहिलंय. रात्रीची बाई मिळाली का? चिनूला म्हणावं, बाळाला तीट लाव आणि डॉक्टर काहीही म्हणोत, तेलाने चोळ. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं?

दहाची नोट या पत्रात घातली आहे. पाकिटातून नोट पाठवतात का म्हणून ओरडशील, ओरड. एखादी नवी वही काढ. पहिल्या पानावर ती कुणाच्या नावाने लिहायची ते तू ठरव. लिहायची नाही असं वाटलं तर परत पाठव, मी ती कुपीला बांधून बरोबर नेईन.

पत्र मिळालं की फोन कर. उचलते.

तुझीच,
बेबी