सराव पाठ पाहायला मागे कोणी बसतं का?

महोदय,

बी.एड. एक वर्षाचं असावं, दोन की चार, यावर बरंच बोललं जातं. पदवीनंतरचा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाला २० आठवडे मिळाले. आता बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आला. पण या सगळ्यात सराव पाठाचं, म्हणजे शिकाऊ शिक्षकानं सरावासाठी घेतलेल्या पाठाचं, नाव फारसं निघत नाही, म्हणून हे पत्र.

मी १९७८ साली नंदुरबारहून बडोद्याला बी.एड.साठी गेले. दांडिया बाजारात आत्याकडे राहायचे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, पण तिथल्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेचं मूळ १९३५ च्या माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केलं. अशा गावात शिक्षक घडवण्याची संस्था उभी राहिली याचं नवल नाही. १९६३ मध्ये तिथे शिक्षणाचं प्रगत अध्ययन केंद्र आलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून (CASE) सगळे त्याला ‘केस’च म्हणत. देशातल्या शैक्षणिक संशोधनाचं पहिलं सर्वेक्षण डॉ. एम. बी. बुच यांनी १९७४ मध्ये तिथूनच काढलं.

सूक्ष्म अध्यापन म्हणजे शिकवण्याच्या एकेका कौशल्याचा काही मिनिटांचा छोटा सराव पाठ. ही पद्धत मूळची अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातली. ती आपल्या साध्या वर्गांत बसवण्यात ‘केस’चा मोठा वाटा आहे. कॅमेरा नसला तरी अडत नाही. सोबतचे छात्राध्यापकच (शिकाऊ शिक्षक) विद्यार्थी होतात, निरीक्षक कागदावर खुणा करतो. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं सूचना ऐकायच्या, १२ मिनिटांत पाठ नव्यानं बेतायचा, पुन्हा ६ मिनिटं शिकवणं आणि ६ मिनिटं सूचना. ३६ मिनिटांत कौशल्य एकच.

एके दिवशी माझं कौशल्य प्रश्न विचारण्याचं होतं, विषय प्लावक बल. पाठ झकास झाला असं मला वाटलं. मागच्या बाकावर बसलेल्या बाईंनी कागद पुढे केला. पेन्सिलीच्या सात उभ्या रेघा, त्यातल्या पाचांवर फुली. “सात प्रश्न विचारलेस, पाचांची उत्तरं तूच दिलीस. मुलांना विचार करायला वेळ कुठे दिलास?” दुसऱ्या खेपेला मी प्रश्न विचारून मनात पाच अंक मोजले. पुढे तेहतीस वर्षं शिकवलं, ते मोजणं सुटलं नाही.

माझी भाची गेल्या वर्षी बी.एड. झाली. तिची पाठ टाचणांची, म्हणजे पाठांच्या लेखी आराखड्यांची, वही मी चाळली. बरीच टाचणं आदल्या वर्षीच्या मुलीच्या वहीतून उतरवलेली. निरीक्षकाच्या रकान्यात पानोपानी ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन चांगले’, आणि सगळ्या सह्या एकाच दिवशी केलेल्या. वर्गावर जे थोडे पाठ झाले, तेव्हा मागे कोणीच बसलं नव्हतं. पोर हुशार आहे, कष्टाळू आहे, पण तिच्या प्रश्नांच्या रेघा कोणी मोजल्याच नाहीत. मला याचा फार त्रास होतो.

विद्यापीठांना कळकळीची विनंती आहे. अभ्यासक्रम किती वर्षांचा ते ठरेल तेव्हा ठरो. प्रत्येक छात्राध्यापकाचे निदान दहा पाठ मार्गदर्शकानं पूर्ण तास बसून पाहावेत, शेरा त्याच दिवशी लिहावा आणि फसलेला पाठ त्याच आठवड्यात पुन्हा घ्यायला लावावा. आणि वह्या तपासायला येणाऱ्यांनी सह्यांखालच्या तारखा तेवढ्या वाचाव्यात.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नंदुरबार