एएफएमसी फुकट आहे हो, पण बाँड कोण वाचतं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

नीटचा निकाल लागला की आपल्या पुण्यात फौजेच्या मेडिकल कॉलेजबद्दल, म्हणजे एएफएमसीबद्दल, दरवर्षी एकच वाक्य कानावर येतं, "एएफएमसी मिळालं तर सोनंच, एक रुपया लागत नाही." तुमच्या पेपरातही कटऑफ येतो, स्क्रीनिंगच्या तारखा येतात, क्लासवाल्यांच्या पानभर जाहिराती येतात, पण या फुकटच्या बदल्यात पोराने किती वर्षं द्यायची, कुठल्या अटींवर, आणि मधेच सोडलं तर काय, म्हणजे बाँडमध्ये काय लिहून द्यावं लागतं, हे धड मराठीत छापून आलेलं मी तरी वाचलेलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा.

आधीच सांगतो, फौजेविरुद्ध माझं काही नाही. वानवडीत इतकी वर्षं राहिल्यावर ते शक्यही नाही, १९४८ सालापासूनचं हे कॉलेज आहे, तिथले डॉक्टर काय ताकदीचे असतात ते आम्हाला कोणी सांगायला नको. मुलांच्या ११५ आणि मुलींच्या ३० अशा जागा, त्यासाठी अख्ख्या देशातली पोरं, त्यामुळे नंबर लागला की घरात पेढे येणारच. आणि खासगी डीम्ड कॉलेजची वर्षाची फी ऐकून ज्या बापाला घाम फुटलाय त्याला शिक्षण, राहणं, मेस सगळं सरकारी खर्चाने म्हटल्यावर पुढचं काही ऐकूच येत नाही.

आमच्या सोसायटीत मागे असंच झालं. पोराचं नाव यादीत आलं, बाबा मोबाईलवर ब्रोशर उघडून बसलेले, इंग्रजी, तीस-चाळीस पानं, अंगठ्याने भराभर वर सरकवत फीच्या ओळीवर थांबले, ती ओळ दोनदा मोठ्याने वाचून दाखवली आणि फोन खिशात. मी म्हटलं अहो बाँडचं काय, तर म्हणाले "सात वर्षं आहे ना, त्यात साडेपाच तर कॉलेजमध्येच जातात." शिकलेला माणूस बरं का, बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासण्यात आयुष्य गेलेलं.

तर ते सात कॉलेज धरून नाहीत. साडेचार वर्षं एमबीबीएस, मग कमिशन म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, इंटर्नशिपचं वर्ष त्यानंतर, आणि शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीची, सात वर्षं त्या कमिशनपासून मोजायला लागतात. म्हणजे अठराव्या वर्षी सही केलेलं पोरगं तिशीला टेकतं तेव्हा ती सात पूर्ण होतात. हे झालं शॉर्ट सर्व्हिसचं. पर्मनंट कमिशन मिळालं तर वीस वर्षं झाल्यावर पेन्शन लागू होते, आणि पर्मनंट की शॉर्ट हे नुसतं आपल्या मनावर नसतं, मेरिट आणि जागा बघून ठरतं. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स यातलं काय वाट्याला येईल त्याचंही तेच. आणि हो, शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडलं तर पेन्शन नाही, हे पण पुष्कळांना माहीत नसतं.

आता तुलना करून बघा. इथेच ससूनला, बीजे मेडिकल कॉलेजला नंबर लागला तर राज्य सरकारचा बाँड एका वर्षाचा, नाही केली सेवा तर १० लाख भरायचे. एएफएमसीची बाँडची रक्कम गेल्या काही वर्षांत ६० लाखांच्या पुढे गेलीय, आणि ती बदलत असते त्यामुळे त्या त्या वर्षीचं ब्रोशरच बघायचं, मागच्या वर्षीच्या सीनियरने सांगितलेला आकडा धरून चालायचं नाही. काही पालक हुशारी करतात, म्हणतात बघू पुढे, नाही जमलं तर पैसे भरून मोकळं होऊ, फ्लॅट विकू. पण ते पैसे भरायचं प्रकरण कोर्स सोडला किंवा कमिशन नाकारलं तर. एकदा का खांद्यावर स्टार लागले की मग तो अधिकारी आहे, राजीनामा द्यायचा तर तो मंजूर व्हावा लागतो, आणि मंजूर करणं न करणं सरकारच्या हातात. चेक फाडून घरी आलो असं तिथे नसतं.

सगळ्यात जास्त भ्रमनिरास होतो तो पीजीवरून, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पुढच्या शिक्षणावरून. बाहेर कॉलेजचे मित्र इंटर्नशिप संपली की पीजीची नीट देऊन मेडिसिन नाहीतर ऑर्थोला लागतात, आणि आपला मुलगा लखनौचं बेसिक ट्रेनिंग करून कुठल्यातरी पलटणीचा डॉक्टर म्हणून डोंगरात बसलेला असतो, आजूबाजूला आठशे जवान आणि मोठं हॉस्पिटल कित्येक तासांवर. माझ्या मते डॉक्टर घडायला याच्यासारखी जागा नाही, पण ज्याला चोविसाव्या वर्षी सर्जरीच्या थिएटरमध्ये उभं राहायचंय त्याचा तिथे जीव गुदमरतो. पीजी तिथेही मिळतं, चांगलं मिळतं, पण आधी सर्व्हिस, मग आपला नंबर, आणि पीजी करून दिलं की त्याच्या बदल्यात पुढची वर्षं परत द्यावी लागतात. शिवाय कोर्स चालू असताना लग्न करता येत नाही, हे मुलींच्या घरच्यांनी आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

खडकवासल्याच्या एनडीएचं, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचंही थोडंफार तसंच. तिथे तीन वर्षं, पुढे अकादमीत एक, आणि स्वतःच्या मर्जीने मधेच सोडलं तर झालेला खर्च वसूल करायचा असं आईबापांकडून लिहून घेतात. ट्रेनिंगमध्ये दुखापत झाली तर भरपाई मागणार नाही अशीही हमी असते, ती ओळ किती आया नीट वाचतात देव जाणे. ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या कॅडेट्सना माजी सैनिक म्हणून धरत नाहीत, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या पोरांचा प्रश्न स्वतःहून हातात घेतला तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

लोक विचारायला जातात ते ओळखीच्या रिटायर्ड कर्नल साहेबांना. ते चांगलंच सांगणार, त्यांची वर्षं झाली, पेन्शन चालू आहे, शनिवारी क्लबला जेवण. विचारायचं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या कॅप्टनला विचारा, त्यातही एक पीजी मिळालेला आणि एक वाट बघत बसलेला असे दोघं गाठा. आणि विचारताना पोराला पुढे बसवा, बाप विचारणार आणि पोरगं मोबाईल बघणार असं नको, कारण तो अठराच्या आत असेल तर सही भले तुमची, सियाचिनला तो जाणार आहे.

तुम्हाला एवढीच विनंती की यंदा कटऑफची बातमी छापाल तेव्हा शेजारी एक चौकट टाका, बाँडची यंदाची रक्कम, कमिशनपासूनची वर्षं, राजीनाम्याचा नियम, पीजीची अट, सरळ मराठीत. क्लासच्या जाहिरातीच्या वर जागा मिळाली तर उत्तमच.

आपला,
एक वाचक, वानवडी, पुणे