स्लाइड पाठवू नका, जागेवरच उघडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिकलसेलच्या स्मीअरचा (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थराचा) फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि ‘काय दिसतंय?’ विचारायचं, ही रीत शिकवण्याच्या कामात आता रुळली आहे. त्यात नेमके काय हरवते ते आकड्यांत सांगतो. 40 पटींच्या भिंगाखाली स्कॅन केलेल्या स्लाइडचा एक पिक्सेल साधारण 0.25 मायक्रॉनचा असतो. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे तिला तीसेक पिक्सेल मिळतात आणि कोयत्यासारखा आकार ओळखू येतो. पंधरा मिलिमीटरचा चौकोन स्कॅन केला तर प्रतिमा 60,000 बाय 60,000 पिक्सेलांची होते. ती पाठवताना आक्रसून 1,600 पिक्सेलांवर आली की तीच पेशी एका पिक्सेलातही मावून जाते. मग आकार ओळखायचा कशावरून?

बरे, मूळ फाइल पाठवावी तर ती दाबूनही एक जीबीच्या आसपास जाते. अक्कलकुवा-धडगावकडे एक एमबीपीएस वेग मिळाला, तरी ती उतरायला सव्वादोन तास. गरजही नसते. पडद्यावर एका वेळी जेवढे दिसते तेवढेच मागवायचे, हा यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे. प्रतिमेचे 256 पिक्सेलांचे तुकडे करायचे, तिच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश आकाराच्या प्रतींचेही करायचे, आणि ‘ओपनसीड्रॅगन’ या मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररीने ब्राउझरमध्ये दाखवायचे. फुल-एचडी पडद्याला चाळीस-पन्नास तुकडे पुरतात, म्हणजे जेमतेम एक एमबी. बघणाऱ्याच्या संगणकावर काहीही बसवावे लागत नाही, मोबाइलवरही चालते.

तुकडे करण्यासाठी ‘लिबव्हिप्स’ या प्रतिमा हाताळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधली ‘डीझेडसेव्ह’ ही आज्ञा वापरावी. एसव्हीएस, एनडीपीआय, एमआरएक्सएस अशा स्कॅनरच्या फाइली ती ‘ओपनस्लाइड’ या स्लाइड-फाइली वाचणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने थेट वाचते, म्हणून लिबव्हिप्स घेताना ओपनस्लाइडसहित असलेलेच घ्यावे. जेपेगचा दर्जा 85 ठेवला तर शिकवायला भरपूर झाला.

अडते ते भलतीकडेच. एमआरएक्सएस फाइलसोबत त्याच नावाचे फोल्डर असते आणि खरी प्रतिमा त्या फोल्डरमध्ये असते. नुसती फाइल उचलून आणणारे पुष्कळ. डीझेडसेव्हसुद्धा एक छोटी डीझेडआय फाइल (प्रतिमेच्या आकाराची व तुकड्यांची नोंद) आणि शेजारी ‘फाइल्स’ जोडलेल्या नावाचे फोल्डर तयार करते. एकाचे नाव बदलून दुसऱ्याचे तसेच ठेवले की चौकट उघडते, आत चित्र नाही. पान डबल-क्लिक करून उघडले तर ब्राउझर डीझेडआय वाचायलाच नकार देतो. त्याच फोल्डरमध्ये पायथॉन या संगणकभाषेतल्या एका ओळीच्या आज्ञेने छोटा वेब सर्व्हर चालू केला की काम होते. पान एका सर्व्हरवर आणि तुकडे दुसऱ्यावर असतील, तर दुसऱ्या सर्व्हरवर ‘कॉर्स’ची, म्हणजे परक्या पानाला आपल्या फाइली वाचू देण्याची, परवानगी द्यावी लागते. नाहीतर सगळे बरोबर असूनही पडदा कोरा, आणि दोष नेटवर्कला!

पेन ड्राइव्हचे वेगळेच. एका स्लाइडचे तुकडे पाऊण लाखाच्या घरात जातात. ‘एक्सफॅट’ या फाइल-मांडणीचा 64 जीबीचा पेन ड्राइव्ह प्रत्येक फाइलला, कितीही लहान असो, सहसा 128 केबी जागा देतो. म्हणजे एक जीबीची स्लाइड नऊ जीबीहून जास्त जागा अडवते आणि कॉपी संपता संपत नाही. न्यायचेच असेल तर झिप करूनच न्यावे.

मोजपट्टीबाबत सावध राहावे. एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हे डीझेडआय फाइलीत नसते. ते पानावर वेगळे लिहावे, नाहीतर पट्टी दिसते पण खोटी. फ्लुरोसन्सच्या (चमकणाऱ्या रंगद्रव्यांच्या) अनेक चॅनेलांच्या, म्हणजे दर रंगाला वेगळी नोंद असलेल्या, प्रतिमांना ही जेपेगची वाट चालत नाही, त्यांना ‘ओएमई-झार’ हा फाइल-प्रकार बरा. आणि मलेरियाच्या परजीवींसाठी 40 पटींचे एका प्रतलातले (एकाच खोलीवर फोकस केलेले) स्कॅन पुरेसे मानू नये, तिथे ऑइल इमर्शनच (तेलाचा थेंब लावून वापरायचे जास्त पटींचे भिंग) हवे. सिकलसेलचे निदानही स्मीअरवर थांबत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागतेच.

सर्वांत नाजूक गोष्ट लेबल. कित्येक स्कॅनर स्लाइडच्या चिठ्ठीचा फोटोही त्याच फाइलीत ठेवतात, आणि चिठ्ठीवर रुग्णाचे नाव असते. डीझेडसेव्हच्या तुकड्यांत ती चिठ्ठी येत नाही, पण मूळ फाइल जशीच्या तशी वाटली तर नाव गावभर. फाइलच्या नावातही रुग्णाचे नाव नको.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आहे. त्यांनी मिळून शिकवणीच्या स्लाइडांचा एक सामाईक संच असा खुला करावा, ही आमची मागणी. साधे वेब होस्टिंग पुरते, डेटाबेस लागत नाही. कोणी काय पाहावे याची बंधने घालायची असतील तरच ‘ओमेरो’सारखी, प्रतिमा साठवून कोणाला काय दिसावे ते ठरवणारी, सर्व्हर-प्रणाली बसवावी. तिला मात्र सांभाळणारा माणूस लागतो. स्कॅनर नसेल तर बाहेरून स्कॅन करून आणावे. सुरुवातीला वीस-पंचवीस स्लाइड पुरेत: सिकलसेलचे स्मीअर, क्षयाच्या गाठीचा छेद आणि रावेर-यावलच्या मुलांसाठी केळीच्या करप्याने धरलेल्या पानाचा छेद. दर सत्राच्या आरंभी सगळ्या लिंक उघडून बघण्याचे काम कोणा एकाच्या नावावर लेखी टाकावे.

आपले,
सूक्ष्मदर्शी प्रतिमांवर काम करणारे काही अध्यापक व तंत्रज्ञ,
जळगाव