फिरत्या ट्रेला खाली प्लाय नको आणि वर गोडं तेल तर नकोच

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीला भेट द्यायला वेगवेगळ्या लाकडांचा फिरता ट्रे घरी कसा करायचा ते आलं होतं, वाचून मजा वाटली कारण गेली पाच-सहा वर्षं माझा हाच उद्योग चालू आहे. टेबलाच्या मधोमध ठेवायचा गोल, त्यावर लोणचं तूप मीठ मेतकूट, ज्याला जे हवं त्याने फिरवून घ्यायचं. इंग्रजीत लेझी सुझन म्हणतात, आमच्या घरात सगळे चक्रीच म्हणतात. पण त्या लेखातल्या दोन गोष्टी वाचून गप्प बसवेना, कारण त्या दोन्ही चुका मी करून बसलेय आणि लोक आता दिवाळीसाठी तेच करतील.

पहिली म्हणजे पट्ट्या जोडल्या की खाली गोल प्लाय चिकटवा म्हणजे मजबूत होईल हा सल्ला. मी पण तेच केलं होतं. भर पावसात चिपळूणला बसून साग, शिसव, फणस अशा पट्ट्या जोडल्या, १६ इंचाचा गोल, खाली १२ एमएमचा प्लाय सगळीकडून फेव्हिकॉल लावून पक्का केला आणि राखीपौर्णिमेला नणंद आली होती तिला दिला. ती नागपूरला असते. पुढच्या मे महिन्यात फोन, वहिनी, काल रात्री जेवणघरात टक्क करून आवाज झाला, मला वाटलं उंदीर, सकाळी बघते तर ट्रेला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग!

आता यात नवल काही नव्हतं, मलाच आधी कळायला हवं होतं. पावसाळ्यात दार अडकतं आणि उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते हे आपण लहानपणापासून बघतो ना, तेच. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं, १६ इंचात ३-४ मिलीमीटर सहज. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात म्हणून तो हलत नाही. वरचं लाकूड नागपूरच्या उन्हाळ्यात आक्रसायला बघतंय आणि खालचा प्लाय त्याला सोडत नाही, मग कुठेतरी फाटणारच. म्हणून प्लाय नकोच. सगळ्या पट्ट्यांचे तंतू एकाच दिशेला ठेवा, कडेला वेगळ्या लाकडाची आडवी पट्टी नका लावू (दिसते छान, माहितीये मला), आणि लाकूड जोडायच्या आधी घरात महिनाभर तरी नुसतं पडू द्या. सागाला स्वतःचं तेल असतं, तिथे गोंद नीट धरत नाही, त्यामुळे चिकटवायच्या अगदी आधी त्या कडा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायच्या. हे लेखात नव्हतं.

ट्रे ज्यावर फिरतो त्या बेअरिंगचंही सांगून टाकते. १६ इंचाला निदान ८ इंची घ्या, फार लहान घेतलं तर कडेला जड बरणी ठेवली की ट्रे कलतो. ती चौकोनी पत्र्याची बेअरिंग असते तिचा खालचा पत्रा पायाच्या फळीला लावला की वरच्या पत्र्याचे स्क्रू मारायचे कुठून हा प्रश्न प्रत्येकाला पहिल्यांदा पडतो, मी अर्धा तास ते उलटंपालटं करत बसले होते. त्यासाठी पायाच्या फळीला आधीच एक मोठं भोक पाडून ठेवायचं, त्यातून एकेक स्क्रू, फिरवायचं, पुढचा स्क्रू. वरच्या पत्र्याची भोकं जरा लांबट करून घेतली तर लाकडाला हलायला जागा राहते.

आता तेल. लेखात लिहिलंय की घरातलं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल चोळा, नैसर्गिक आहे. अहो पण ही तेलं लाकडात वाळत नाहीत! माझ्या पहिल्या ट्रेला मी गोडं तेल चोळलं, चार दिवस असा काय झळकला, आणि दोन-तीन महिन्यांत खवट वास. जाऊबाई आल्या की आधी लोणच्याच्या बरण्या हुंगायच्या, की लोणचं बिघडलं का म्हणून.

वाळणारं तेल म्हणजे जवसाचं. पण घाण्यावरचं खायचं घ्या, पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नको, त्यात लवकर वाळावं म्हणून रसायनं घातलेली असतात. घाण्यावरचं वाळायला एकेक हात आठ-पंधरा दिवस घेतं, पावसात त्याहून जास्त, म्हणजे दिवाळीला द्यायचं असेल तर आत्ताच सुरू करायला हवं. आणि एक महत्त्वाचं, हे तर छापाच, जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. एकेक फडकं बाहेर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

एवढा धीर नसेल तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन (पोट साफ व्हायचं औषध) मिळतं. तेही वाळत नाही पण खवट होत नाही, फक्त अधूनमधून परत लावावं लागतं. मी पहिल्यांदा चार बाटल्या मागितल्या तेव्हा दुकानदार इतक्या काळजीने म्हणाला, ताई, एवढा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात मधमाशीचं मेण, चार भाग तेलाला एक भाग, कढत पाण्याच्या भांड्यावर ठेवून विरघळवायचं, हाताला मलमासारखं लागतं. लावायच्या आधी ट्रे ओल्या फडक्याने एकदा पुसा, अंगावर काटा यावा तसे तंतू उभे राहतात, ते वाळल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने बसवा. ही पायरी टाळली तर ट्रे पहिल्यांदा पुसला की खरखरीत होतो.

लाकडाला मात्र फार पैसे घालू नका. आमच्याकडे वखारीत फूट-दीड फुटाचे सागाचे, शिवणीचे तुकडे जळणात जातात, मी तेच निवडून आणते. शिवण जवळजवळ पांढरी, फणस पिवळा (वर्षभरात मधासारखा होतो), शिसव काळपट जांभळी, रंगकाम लागतच नाही. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं पण बघून घ्या, किडा लवकर लागतो, ट्रेखाली पिठासारखी भुकटी दिसली की समजायचं. आणि शिवणीवर हळदीचा डाग पडला तर घासू नका, दोन दिवस उन्हात ठेवा, बराच उतरतो.

नणंदेला मी नवीन ट्रे करून देते म्हटलं तर नको म्हणाली. भेगेत तिने मेण भरलंय, तरी फोडणीची मोहरी तिथेच जाऊन अडकते म्हणे, ती टाचणीने काढत बसते.

– एक वाचक, चिपळूण