नदीत एकपण खांब नाही

विंडसर, कॅनडा
जुलै 2024

आई, अप्पा,
नमस्कार.

अप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलात की नदीत खांबच नाही तर एवढा पूल उभा कसा राहतोय, तेव्हा ड्युटीच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सावकाश लिहायला बसलोय. घरापासनं दहा मिनिटं चाललं की डेट्रॉइट नदीचा काठ, अलीकडं कॅनडा, पलीकडं अमेरिका, मधी हा गॉर्डी हाऊ पूल. 2018 ला काम सुरू झालं. दोन्ही काठावर एकेक टॉवर, 220 मीटर उंच, बघताना मान दुखून येते. तिथनं रस्ता नदीवर पुढं पुढं काढत आणला, क्रेननं लोखंडी गर्डर उचलायचा, बोल्ट आवळायचे, वर काँक्रीटच्या स्लॅब टाकायच्या, टॉवरवरनं केबल ताणून तेवढा भाग धरून ठेवायचा की मग पुढचा तुकडा. विहिरीत मोटर सोडताना आपण वरनं दोरावर तोलून धरतो ना, तसंच. असल्या 216 केबल आहेत बघा, सगळं वजन टॉवरवर आणि टॉवरमधनं काठावरच्या जमिनीत. दोन टॉवरच्या मधी 853 मीटर, खाली मोठमोठी मालाची जहाजं आरामात जातात.

गेला सगळा हिवाळा मी कामावरनं येताना दोन्ही टोकांचे लाइट बघायचो, मधला अंधार जरा कमी झालाय का म्हणून. गेल्या महिन्यात टोकं जुळली. खर्च सगळा कॅनडानं केलाय, टोलमधनं वसूल करणार, आणि आपल्याकडं हे गाव कुठल्या राज्याचं यातच किती वर्षं गेली.

त्या रविवारी काठावर उभा होतो तर मला आपला कृष्णेवरचा, ज्याच्यावरनं रस्ता जातो तो कल्लोळ-येडूर बंधाराच आठवला. माझ्या ॲडमिशनच्या वर्षी तो पाण्याखाली गेलेला, तुम्ही मला मोटरसायकलवर घालून लांबच्या वाटेनं भर पावसात नेलात, पोचलो तर खिडकी बंद. येताना तुम्ही एक शब्द बोलला नाही, नुसता टॉवेल मागं करून मला डोकं पुसायला दिलात. आपल्याला 853 मीटरचा नको हो अप्पा, कृष्णामाय फुगली तरी पाण्याच्या वर राहील एवढा उंच मिळाला तरी पोरांचं कॉलेज बुडणार नाही, पेशंट अडकणार नाही.

पाणी कुठंपर्यंत आलंय? 2019 सारखं शेवटपर्यंत थांबू नका, म्हशी आत्ताच मामाच्या मळ्यात वर नेऊन बांधा. आई, गोळ्या आणि रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेव. शनिवारी फोन करतो.

तुमचा,
बाळू