जाळीच्या नमुन्यासोबत आधाराच्या दोऱ्याची कृतीही छापावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरून हवेत गारठा जाणवू लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतल्या घरांत लोकरीच्या पिशव्या बाहेर निघतात आणि आपल्या पुरवणीतील विणकामाचे नमुने कापून ठेवले जातात. त्या नमुन्यांत टाके किती घालायचे, सुया कोणत्या घ्यायच्या, जाळी कोणत्या ओळीत पाडायची, हे सारे नीट दिलेले असते; परंतु चुकल्यास काम वाचवणाऱ्या आधाराच्या दोऱ्याचा, म्हणजे ज्याला लाइफलाइन म्हणतात त्याचा, उल्लेख मला त्यांत कधी आढळला नाही.

गेल्या वर्षी भाचीच्या बाळासाठी मी १३८ टाक्यांची पांढरी शाल विणायला घेतली होती. ५३व्या ओळीत एके ठिकाणी जाळीचे छिद्र पाडण्यासाठी लोकर पुढे घ्यायची राहिली. पुढे एक टाका कमी भरू लागला, तो मी कडेला कसाबसा सांभाळून घेत गेले, आणि ६७व्या ओळीला पानांची नक्षी सरकलेली स्पष्ट दिसली. चुकीपर्यंत उसवावे म्हणून सुई काढली, तेव्हा टाके असे निसटले की शेवटी सगळी शाल उसवून गुंडा करावा लागला.

साध्या सुलट-उलट विणीत निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर ओढून घेता येतो. जाळीत तसे होत नाही, कारण लोकर पुढे घेऊन केलेल्या छिद्राखाली मुळात टाकाच नसतो. उसवताना ते नुसत्या सैल लोकरीत मिसळून जाते, आणि एकत्र विणलेले दोन टाके सुटे झाले की कोणता कोणावर होता हे अनुभवी हातालाही ओळखता येत नाही.

उपाय मात्र अगदी साधा आहे. शिवणाआधी आपण कच्चा धावदोरा घालतो, तसाच हा दोरा. लोकरीपेक्षा बारीक, गुळगुळीत, वेगळ्या पण न उतरणाऱ्या रंगाचा सुती दोरा बोथट टोकाच्या सुईत ओवून, विणायच्या सुईवर असलेल्या प्रत्येक टाक्यातून न्यावा. टोकदार सुईने लोकरीचे पदर फाटतात, म्हणून बोथट सुईचा आग्रह. खुणेच्या कड्या सुईवर असतील, तर दोरा त्यांच्यातून जाऊ देऊ नये, नाहीतर त्या तिथेच अडकून बसतात. दोन्ही बाजूंना वीतभर दोरा मोकळा सोडावा आणि पुढची ओळ विणताना तो लोकरीबरोबर उचलला जात नाही याकडे लक्ष ठेवावे. जाळीच्या ओळीनंतर येणारी साधी उलट ओळ यासाठी सर्वांत सोयीची. टाके मोजून बरोबर भरले की मगच दोरा घालावा आणि ओळीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण चुकलेल्या ओळीवर घातलेला दोरा ती चूकच जपून ठेवतो.

पुढे चुकले, तर सुई काढून लोकर निर्धास्तपणे ओढावी. उसवणे दोऱ्यापाशी येऊन थांबते. मग दोऱ्यावरचे टाके एक नंबर बारीक सुईवर, पीळ न पडू देता, उचलून घ्यावेत. नवा दोरा घातल्याशिवाय जुना काढू नये, असे मी आता कटाक्षाने पाळते.

माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली पहिलीच जाळी बिघडल्यावर कायमच्या मफलर-टोपीकडे वळल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून विनंती अशी की, यंदाच्या हिवाळ्यात जाळीचा नमुना छापताना या दोऱ्याची कृती चार ओळींत द्यावी आणि नक्षीचा एक भाग जिथे संपतो, त्या ओळीपुढे दोरा घालण्याची खूण करावी.

आपली नम्र,
एक वाचक, शहापूर, बेळगाव